वडिलांचं दहन झालं, मग पुनरुत्थान कसं? आणि ईस्टरला रडू आलं तर विश्वास कमी समजायचा का?

ताई, सलाम. तुमचा प्रश्न मोठा आहे म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो, चुकलं तर सांगा. तुमचे वडील 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. बॉडी हॉस्पिटलमधून थेट विद्युतदाहिनीत नेली, तुम्हाला लांबून फक्त बांधलेली पिशवी दिसली. पाळक नाही, गीत नाही, मूठभर माती नाही. अस्थींचा कलश अजून विक्रोळीच्या घरी कपाटावर आहे. काकू म्हणतात ख्रिस्ती माणसाला जाळलं तर तो शेवटच्या दिवशी उठणार कसा. आणि मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक म्हणतात रडू नकोस, बाबा प्रभूजवळ आहेत, मरणावर विजय झालाय. तेच शब्द ईस्टरच्या, म्हणजे येशू मेलेल्यातून उठला त्या सणाच्या, उपासनेत ऐकले की तुम्हाला उठून बाहेर जावंसं वाटतं. तुम्ही विचारलंय, बाबा उठतील का, आणि माझा विश्वास कमी पडतोय का.

मी मुंबईत मराठी मंडळीत पाळक आहे, बरीच वर्षं झाली, आणि शिवडीच्या सिमेट्रीत, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीत, इतक्यांदा गेलोय की तिथली खणणारी माणसं मला लांबूनच हात करतात. त्यामुळे जे सांगतोय ते पुस्तकातलंही आहे आणि कबरीच्या कडेला उभं राहून कळलेलंही आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, तुमची मंडळी कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी प्रोटेस्टंट. कॅथलिक असाल तर दोनतीन ठिकाणी उत्तर वेगळं येईल, तिथे तिथे सांगेन.

मला वाटतं तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकीत अडकल्यात. एक, जळलेल्या देहाचं काय. दोन, रडण्याचं काय. आणि तिसरी तुम्ही विचारलेलीच नाही पण तुमच्या प्रत्येक ओळीत आहे, की बाबांना निरोप द्यायचा राहून गेला. खरं दुखणं ते तिसरं आहे असं मला दिसतं, पहिली दोन त्याच्यावर चढून बसलीत.

आधी काकूंचं घेऊ कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

ख्रिस्ती लोक सुरुवातीपासून पुरत आले हे खरंय. यहुद्यांची तीच रीत होती, प्रभूलाही कबरेत ठेवलं होतं, आणि देहाला मान द्यायचा ही भावना त्यामागे होती, आजही आहे. पण पुरलं तरच उठणार असा नियम मंडळीने शिकवला नाही. उलट एक गोष्ट काकूंना आवर्जून सांगा. इ.स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्योन शहरात तिथल्या ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं. मग प्रेतं सहा दिवस उघड्यावर टाकली, नंतर जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. का, तर ह्या लोकांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये म्हणून. युसेबियस नावाच्या इतिहासकाराने तिथल्या मंडळीने ह्याबद्दल लिहिलेलं पत्र आपल्या ग्रंथात जपून ठेवलंय. म्हणजे जाळलं की संपलं हा युक्तिवाद मुळात छळ करणाऱ्यांचा होता, मंडळीचा नव्हे. मंडळीने त्या लोकांची नावं हुतात्मे म्हणून जपली, राख नदीत गेली म्हणून कुणी त्यांना आशेच्या बाहेर काढलं नाही.

बायबलमधल्या प्रकटीकरण ह्या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात तर समुद्र आपल्यातले मेलेले परत देतो असं चित्र आहे. बुडालेला कोळी, खलाशी, ज्याचा देह कधी सापडलाच नाही, तोसुद्धा. आणि दफनाच्या वेळी पाळक जे म्हणतो ना, मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ, त्यात राख आधीपासूनच आहे, आणि त्याच दमात पुढे पुनरुत्थानाच्या खात्रीच्या आशेची गोष्ट येते.

आता मुंबईचं बोलू. इथे किती जणांचा देह एका जागी राहतो? काही वर्षांनी तीच कबर दुसऱ्या मयतासाठी उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या निशमध्ये, म्हणजे कोनाड्यात, ठेवतात, किंवा त्याच कबरीत खाली सारून वर नवी पेटी ठेवतात. घरची कबर असेल तर आजोबा, आजी, काका सगळे एकाच खड्ड्यात. जागाच नाही हो शहरात, जिवंतांना नाही तर मेलेल्यांना कुठून येणार. पुनरुत्थान जर हाडं जागच्या जागी असण्यावर अवलंबून असेल तर अर्ध्या शिवडीची पंचाईत आहे. काकूंच्या सासूसासऱ्यांची कबर कधी उघडली होती ते त्यांनाच विचारा, भांडायला नको, सहज विचारा.

कॅथलिक असाल तर एवढं, 1886 मध्ये रोमने दहनाला बंदी घातली होती, कारण त्या काळी युरोपात काही लोक पुनरुत्थान नाकारायचं म्हणूनच मुद्दाम दहनाचा प्रचार करत होते. 1963 मध्ये ती बंदी उठली. 2016 च्या सूचनेत पुन्हा सांगितलं की दफनच जास्त पसंत, पण दहन चालेल, मात्र राख उधळायची नाही आणि घरी ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची. आमच्याकडे प्रोटेस्टंटांत असा एक नियम नाही, मंडळीगणिक फरक आहे. ऑर्थोडॉक्स लोक मात्र अजून दहनाला मान्यता देत नाहीत.

बरं, मग उठणार ते नक्की काय? करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल हाच प्रश्न कुणाच्या तरी तोंडी घालतो, मेलेले कसे उठतात, कुठल्या शरीराने येतात. पौल जरा चिडूनच उत्तर देतो (मला तो तिथे फार आवडतो) की अरे वेड्या, तू पेरतोस तो नुसता दाणा असतो, उगवतं ते रोप वेगळंच दिसतं, तरी ते त्या दाण्याचंच असतं. पहिल्या करिंथकर पत्राचा पंधरावा अध्याय, शांतपणे घरी वाचा. दाणा जपून ठेवून रोप येत नाही. दाण्याचं जे व्हायचं ते होतंच, कुजणं म्हणा, जळणं म्हणा, आणि रोप देणारा देव आहे. विद्युतदाहिनीत तासा-दोन तासात जे झालं तेच मातीत काही वर्षांनी होतं, वेग वेगळा एवढंच.

आणि उठलेला येशू बघा कसा आहे. त्याची शिष्या मरीया मग्दालीया त्याला आधी माळी समजते. अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य त्याच्याबरोबर चालत गेले, रस्ताभर बोलले आणि ओळखलं नाही. बंद दारांच्या खोलीत तो येऊन उभा राहतो. पण तोच भाजलेला मासा मागून खातो आणि शंका घेणाऱ्या थोमा ह्या शिष्याला हातांच्या, कुशीच्या जखमा दाखवतो. बदललाय खूप, पण तोच आहे. जखमासुद्धा पुसल्या नाहीत. मला ह्यातून एवढंच कळतं की बाबा उठतील ते बाबा म्हणूनच उठतील, कुणी दुसरा तेजस्वी माणूस नाही. कुठला अणू कुठे गेला ह्याची जुळवाजुळव देव कशी करेल हा प्रश्न जुना आहे, संत ऑगस्टिनने पाचव्या शतकात त्यावर पानंच्या पानं लिहिलीत, एका माणसाला दुसऱ्याने खाल्लं तर ते मांस शेवटी कुणाचं इथपर्यंत! पण ज्याने काहीच नव्हतं तिथून एकदा केलं त्याला दुसऱ्यांदा जड जाईल अशी भीती मला कधी वाटली नाही.

आता एक गोष्ट जिथे आपले मराठी ख्रिस्ती लोक फार घोळ घालतात. मयताच्या घरी बसलं की हमखास कुणीतरी म्हणतं, अहो शरीर काय, ते नुसतं वस्त्र, आत्मा गेला वर. ही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट आहे, जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसं. आपण ह्याच मातीतले, कानावर लहानपणापासून तेच पडलंय, आणि ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांच्यासाठी त्यात मोठा धीर आहे, मी ते कमी लेखत नाही. पण ख्रिस्ती आशा ती नाही. ग्रीक लोकांनाही शरीरातून सुटका हीच मुक्ती वाटायची, म्हणून अथेन्समध्ये पौल बोलता बोलता पुनरुत्थानावर आला तसे काही जण हसायला लागले. आपण उपासनेत उभं राहून देहाचं पुनरुत्थान असं म्हणतो, नुसतं आत्म्याचं अमरत्व नाही म्हणत. मेल्यावर माणूस ख्रिस्ताजवळ असतो हेही आहे, वधस्तंभावरच्या त्या चोराला येशू म्हणालाच की आज तू माझ्याबरोबर असशील. पण ते अर्धं झालं. पुढचं अर्धं, देहासकट उठणं, अजून व्हायचंय. मधल्या काळाबद्दल मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, कॅथलिक मृतांसाठी मिस्सा देतात, आम्ही देत नाही, काही जण म्हणतात तोपर्यंत झोप. त्यात आज शिरत नाही, तुमच्या प्रश्नाला त्याची गरज नाही.

मी हे एवढं का ताणलं, तर तुम्हाला बाबांचं तोंड बघायला मिळालं नाही ह्याचं दुःख आहे आणि लोक सांगतात अगं तोंडात काय आहे, आत्मा गेला प्रभूकडे. नाही ताई. तोंडात आहे. ज्या हातांनी त्यांनी तुम्हाला शाळेत सोडलं असेल त्या हातांची किंमत देवाला आहे, नाहीतर तो देह उठवायच्या भानगडीत पडलाच नसता. तुम्हाला त्यांचा चेहरा आठवून त्रास होतो तो अविश्वास नाही, उलट आपल्या मताशी सगळ्यात जास्त जुळणारी गोष्ट तीच आहे.

आता रडण्याचं.

योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा, अकरावा अध्याय. बेथानी गावात येशूचा मित्र लाजर मेलाय, चार दिवस झालेत, त्याची बहीण मार्था बाहेर येऊन येशूला म्हणते तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. हे गाऱ्हाणं आहे, सरळसरळ, आणि येशू तिला झापत नाही. पुढे ती म्हणते शेवटच्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे. म्हणजे मत एकदम पक्कं, काकूंपेक्षाही पक्कं, आणि तरी ती मोडलेली आहे. आणि मग येशू कबरीपाशी जाता जाता रडतो. आपण थोड्याच वेळात ह्याला हाक मारून बाहेर काढणार आहोत हे माहीत असलेला माणूस रडतो. मला कुणी सांगितलं की विश्वास असेल तर रडू येणार नाही, तर मी त्यांना हा अध्याय उघडून देतो आणि गप्प बसतो.

थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पौल लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. लोक ह्यातलं पुढचंच लक्षात ठेवतात, शोक करू नका. त्याने तसं लिहिलेलं नाही. आशा ठेवून शोक करा एवढंच त्याचं म्हणणं आहे.

आणि ते विजयाचं वचन, अरे मरणा तुझी नांगी कोठे, जे तुम्हाला ईस्टरला टोचतं. ते कुठे येतं ते बघा. त्याच पंधराव्या अध्यायात शेवटाकडे, जेव्हा हे नाशवंत अविनाशीपण धारण करेल तेव्हा ते वचन पूर्ण होईल असं आधी म्हणून मग ती आरोळी येते. म्हणजे ती आरोळी कबरा उघडतील त्या दिवसाची आहे. त्याच्या बरंच आधी तो म्हणून ठेवतो की शेवटचा शत्रू जो मरण तो नाहीसा केला जाईल, म्हणजे अजून केलेला नाही. ख्रिस्त उठला हे झालंय, तो प्रथमफळ, पिकाचा पहिला वाटा. बाकीचं पीक अजून शेतात उभं आहे. आज शिवडीत कुणाचं तरी दफन चालू असेल तिथे नांगी आहे आणि ती चांगलीच लागते. आम्ही पाळक लोक ते वचन मयताच्या घरात पहिल्या पाच मिनिटांत काढतो हा आमचा उतावीळपणा आहे. मी कबरीपाशी आधी बेथानी वाचतो, गीत होऊ देतो, उपासना संगीत ह्या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं निघालं की म्हातारी माणसं आपोआप रडतात, रडू देतो, आणि मग पंधरावा अध्याय. उलटा क्रम केला तर लोकांची तोंडं बंद होतात आणि दुःख घरी जाऊन कुजतं.

पौल मरणाला शत्रू म्हणतो हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात वगैरे जे लोक बोलतात ते बायबलमध्ये कुठेही नाही. देवाला तुमचे बाबा ऑक्सिजनसाठी तडफडायला हवे होते असं मी कधीही म्हणणार नाही.

तुम्ही आणखी एक ओळ लिहिली होती, की कधी कधी वाटतं हे सगळं मनाची समजूतच असेल. त्याला मी प्रूफ देऊ शकत नाही, देतो म्हणणाऱ्यावर माझा भरवसा नाही. पण मी स्वतः कशाला धरून राहतो ते सांगतो. पौल ते पत्र लिहितोय येशूच्या मरणानंतर वीस-पंचवीस वर्षांत, आणि त्यात यादीच देतो, केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, मग बारा शिष्यांना, मग एकदम पाचशेच्या वर लोकांना, त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत, मग याकोबाला. म्हणजे जाऊन विचारा असंच झालं ते. आणि पुढे तो स्वतःच म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट, तुमचा विश्वास फुकट. मनाची समजूत काढणारा माणूस सगळा डाव असा एका गोष्टीवर लावत नाही. शिवाय शुभवर्तमानांत रिकामी कबर पहिल्यांदा बायकांना दिसते, ज्या काळात बाईची साक्ष फारशी धरायचे नाहीत त्या काळात. रचलेली गोष्ट असती तर पेत्राला पुढे केला असता. आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या प्रती जिथे संपतात तिथे त्या बायका घाबरून पळतायत आणि कुणाला काही बोलत नाहीत. पहिला ईस्टर असा होता, थरथरणारा. तुम्ही दाराबाहेर जाऊन उभ्या राहता तर त्या बायकांच्या जवळच उभ्या आहात.

म्हणजे आत्तापर्यंत एवढं, दहनाने बाबांच्या उठण्यात काही फरक पडत नाही, आणि रडण्याने तुमच्या विश्वासात काही उणं होत नाही. राहिला निरोप.

कोविडमध्ये आमच्या सगळ्यांचेच हात बांधलेले होते. 2020 च्या मार्चमध्ये तर महापालिकेने धर्म न बघता सगळ्याच कोविड मयतांचं दहन करा असं पत्रक काढलं होतं, ते त्याच दिवशी बदललं, पण त्या दोन वर्षांत ज्याला जे जमलं ते त्याने केलं. तुमच्या भावाने दहनाच्या कागदावर सही केली म्हणून तुम्ही त्याच्यावर अजून रागावलेल्या आहात असं दिसतं. त्याला त्या रात्री काय पर्याय होते हे एकदा त्याच्याकडून ऐका, बाकी काही बोलू नका.

आणि कलश कपाटावर ठेवू नका आता. नियमासाठी म्हणत नाहीये, तो तिथे आहे म्हणून दफन अजून चालूच आहे तुमच्या घरात. राहिलेला विधी आज करता येतो. कुटुंबाची कबर असेल तर कलश तिच्यात ठेवता येतो, नसेल तर निश मिळते का बघायचं, दोन्ही सिमेट्रीच्या आणि मंडळीच्या नियमांवर अवलंबून आहे, खर्चही जागेगणिक वेगळा. पाळकांना सांगा की स्मरणाची प्रार्थना नको, अंत्यविधीच हवाय, पूर्ण, वचन, गीत, माती सगळं. काही पाळक कुरकुर करतील की इतक्या वर्षांनी कशाला, तर दुसऱ्यांना विचारा. गीत बाबांच्या आवडीचं घ्या. काकूंना बोलवा आणि माती पहिल्यांदा त्यांना टाकू द्या, त्यांचाही दीर गेलाय आणि त्यांनीही काही बघितलं नाही, तो उठेल कसा हे त्या विचारतात त्याच्या मागे बहुतेक तेच आहे.

आई कशी आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. त्यांना नको असेल तर घाई करू नका, अशा वेळी बायको आणि मुलगी एकाच वेगाने चालत नाहीत. आणि तुम्हाला झोप लागत नाही, कामावर लक्ष नाही असं जे लिहिलंय ते इतकी वर्षं टिकलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, समुपदेशन घ्या, प्रार्थनेच्या जोडीला, प्रार्थनेऐवजी नाही आणि डॉक्टरांऐवजी प्रार्थनाही नाही.

दिवस कुठलाही धरा, फक्त 2 नोव्हेंबर नको. त्या दिवशी कॅथलिक लोक कबरी सजवायला, मेणबत्त्या लावायला येतात, शिवडीत पाय ठेवायला जागा नसते आणि तुम्हाला निवांतपणा हवाय. शनिवारी सकाळी लवकर बरं पडतं. कागदांत मृत्यूचा दाखला, दहनाची पावती आणि कबर घरची असेल तर तिची पावती लागेल असं धरून चला, नक्की काय ते सिमेट्रीच्या ऑफिसात आधी जाऊन विचारा. दाखला सापडत नसेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधून दुसरी प्रत काढता येते, भावाला पाठवा, त्यालाही काहीतरी करायला मिळेल.